दोन्ही बाह्या डाव्या

शिंप्याने भर दुपारी एकाच सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या आणि त्याच्या बायकोच्या काळजात धस्स झालं. कापडाला नुसता हात लावून माप सांगणारा हा माणूस, आता त्या बाह्या उलटसुलट करून बघत होता.

"यातली एक उजवी होती ना गं?"

"अहो, सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली असेल. की ती कालची?"

त्याला एचआयव्ही आहे हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. औषधांवर त्याची तब्येत छान सावरली होती. पण बिंग फुटेल या धास्तीने घरच्यांनी त्याचं दुकान मोडलं, मशीन घरात आणलं, मित्र तोडले. एकटा पडलेला माणूस नशेच्या पावडरीच्या नादी लागला, आणि मग गोळ्याही चुकू लागल्या. अलीकडे तर तो गॅस पेटता ठेवून निघून जाई. तिला त्याच्यासाठी भीती वाटे आणि कधीकधी त्याचीच भीती वाटे.

सासूबाईंकडे तोडगा एकच, मागची खोली आणि बाहेरून कडी.

"नशा उतरली की येईल ताळ्यावर. दवाखान्यात नेऊन बोभाटा करू नकोस. तुझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

अब्रूदार घरांची हीच तर रीत! आत माणूस सडला तरी चालेल, वास बाहेर जाता कामा नये.

कडी लागली. थोड्या वेळाने आतून त्याचा रडवेला आवाज आला, "अगं, दार कुठंय? मला दार सापडत नाही!"

दार त्याच्या समोरच होतं. तिने कडी काढली, त्याचा हात धरला आणि सरळ दवाखाना गाठला. सासूबाई तिला अडवत अडवत मागोमाग आल्या.

"गोळ्यांशिवाय आणखी काही घेतात का?" डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. दार उघडंच होतं. बाहेर बाकावरची कुजबुज थांबली. सासूबाईंनी तिचा दंड घट्ट दाबला.

तिने तो सोडवून घेतला. "पावडर ओढतात. गोळ्या चुकतात. आम्ही त्यांना कोंडून ठेवतो. आजवर तुमच्याशी खोटं बोललो."

"नशा, चुकलेल्या गोळ्या, हा आजार, सगळंच मेंदूला घातक. कशामुळे किती बिघडलंय ते तपासून बघू. उपाय आहेत. पण आधी का नाही सांगितलंत?"

"लोक काय म्हणतील, म्हणून."

"कोण लोक?" शिंप्याने भाबडेपणाने विचारलं.

सासूबाईंची मान खाली गेली. आणि बाहेर बाकावर कान टवकारून कोण बसलं होतं? वाचकहो, आपणच.