टेरेसवरचा नवा बोर्ड

मळा हाइट्सच्या टेरेसच्या दारावर रविवारी सकाळी निळ्या चौकटीचा बोर्ड लागला, तेव्हा शालनबाईंच्या घरी पाच किलो गहू भिजत घालून एक दिवस झाला होता.

बोर्ड इंग्रजीत होता. शालनबाईंनी बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत तो वाचला. टेरेसवर कसलंही वाळवण घालता कामा नये. खाली 'बाय ऑर्डर' आणि चेअरमनची सही. सही त्यांनी लगेच ओळखली, कारण चेअरमन त्यांचेच यजमान होते.

दादासाहेब म्हणजे रहाटणीचे जुने रहिवासी. ही इमारत उभी राहिली ती त्यांच्याच मळ्यावर. बिल्डरला जमीन देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. नावात मळा राहील आणि चेअरमन मी होईन. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. तेव्हापासून सोसायटीत बोर्डांचं पीक आलं. लिफ्टमध्ये हे करू नका, जिन्यात ते करू नका, बागेत तर काहीच करू नका. मराठी बोर्डाला कुणी भीक घालत नाही, असा त्यांचा अनुभव होता, म्हणून सगळे बोर्ड इंग्रजीत. मजकूर सेक्रेटरी सार्थक लिहायचा. तो हिंजवडीच्या कंपनीतला पोरगा, अर्धे दिवस घरूनच काम करणारा. दादासाहेब चष्मा लावायचे, कागदाकडे वरून खाली गंभीरपणे बघायचे आणि झोकात सही ठोकायचे.

बरं, हे गहू काही घरच्या चवीपुरते नव्हते. नात प्राजक्ताचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि रुखवतात कुरडया मांडायच्या होत्या. "आजी, विकतच्या आणू की, कोण बघतंय," असं प्राजक्ता म्हणाली होती. बघणार होती आकुर्डीची विहीणबाई. विकतची कुरडई ती हातात घेताच ओळखणार आणि चार बायकांत हसणार. शालनबाईंच्या घरातून आजवर तीन मुलींची रुखवतं गेली होती, आणि एकातही विकतचा पदार्थ नव्हता. सोमवारी गहू वाटून चीक काढायचा, मंगळवारी पहाटे शिजवून घालायचा. मंगळवार चुकला की चीक आंबला आणि पाच किलो गहू मोरीत गेला. ऊन हवं तर टेरेसशिवाय जागा नव्हती, कारण खालच्या सगळ्या मळ्यात आता पार्किंग होतं.

त्या खाली आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, वर बोर्ड लावलाय म्हनं. वाळवण घालायचं न्हाई म्हनत्यात लोकं."

दादासाहेबांनी पेपर खाली केला. क्षणभर त्यांचा चेहरा कोराच राहिला. मग त्यांनी घसा साफ केला. "बरोबर हाय. नियम म्हंजे नियम."

"आन् प्राजूच्या कुरडया?"

"चेअरमनच्या बायकूनंच नियम मोडला तर लोकं माझं ऐकतील का?" पेपर पुन्हा वर गेला.

शालनबाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. ज्या मातीत आपण उन्हातान्हात ज्वारी खुरपली, तिथलं तीन दिवसांचं ऊन आपल्याला मिळू नये? पण रडत बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. दुपारी तीनला, दादासाहेब घोरायला लागले तशा त्या भजनाला निघाल्या.

भजन हे नाव घरापुरतं होतं. गेले चार महिने शालनबाई पहिल्या मजल्यावर तनुजाच्या इंग्रजीच्या क्लासला जात होत्या. तनुजा लातूरकडची. चाकणच्या एका कारखान्यात तिनं सहा वर्षं कामगारांना सुरक्षेचे नियम शिकवले, आणि मूल झाल्यावर घरीच क्लास काढला. त्या आठवड्यात नेमकं 'मस्ट' आणि 'मस्ट नॉट' चाललं होतं. शालनबाईंना तो धडा फार आवडला होता. 'शुड' म्हणजे सल्ला, ऐकला तर ऐकला. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे नाही केलंत तरी चालेल. आणि 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे, सुटका नाही. वहीत उदाहरणं लिहिताना त्यांच्या लक्षात आलं होतं की बेचाळीस वर्षांच्या संसारात आपल्या वाट्याला नुसतं 'मस्ट' आलं, आणि ह्यांच्या वाट्याला सगळं 'डोन्ट हॅव टू'.

"कारखान्यात कसं असतंय काकू," तनुजा नेहमी सांगायची, "सुपरवायझर कितीबी ओरडू द्या, कुणी हलत नाही. पण भिंतीवर चौकटीतला बोर्ड लावला की इंजिनियरसुद्धा मुकाट्यानं टोपी घालायलेत. कुणी लावला, कुणी विचारत नाही."

रविवारी शालनबाईंनी वही उघडलीच नाही. "तनुजा, आज मला एक बोर्ड लिवायचाय," त्या म्हणाल्या.

दोघींनी मिळून तो लिहिला. टेरेसवर येणाऱ्यानं चपला बाहेर काढल्याच पाहिजेत. कुरडयांवर पाय देता कामा नये. बुधवारी सकाळी जो वर येईल, त्यानं खाली जाण्याआधी दहा तरी कुरडया उलटल्याच पाहिजेत. इथवर तनुजा हसू दाबून लिहीत होती. शेवटचा नियम ऐकल्यावर तिनं पेन ठेवलं.

"काकू, चेअरमनसाहेबांसाठी तरी 'शुड' लिहू. वयाचा मान म्हणून."

"शुड लिवलं तर ते बसतील व्हय? मस्टच लिव."

काळेवाडी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून शालनबाईंनी तसाच निळ्या चौकटीचा कागद छापून लॅमिनेट करून आणला. खाली 'बाय ऑर्डर' होतंच. सही मात्र नव्हती. एवढं खोटं करायला त्यांचं मन धजेना. मंगळवारी पहाटे गावठाणातल्या दोघी जावा सोऱ्या घेऊन आल्या. जुन्या बोर्डावर नवा बोर्ड चिकटवून शालनबाईंनी चिकाचं पातेलं वर नेलं आणि ऊन तापेपर्यंत प्लॅस्टिकच्या चार कागदांवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी लागल्या. शालनबाईंचे हात कामात होते, पण कान जिन्याकडे होते.

साडेदहाला पहिला माणूस वर आला तो सार्थक, फोनवर बोलत. दारात थांबला, बोर्ड वाचला. त्यानं फोन खांद्यात धरून बूट काढले, नीट कडेला ठेवले आणि तापलेल्या फरशीवर एकेका पायावर नाचत सावलीत जाऊन उभा राहिला. मागून बी विंगचं एक जोडपं आलं. त्यांनीही बोर्ड वाचला आणि चपला काढल्या. जावांनी पदर तोंडात कोंबला.

पण बातमी खाली गेलीच. वर कुरडया घातल्यात हे कळताच दादासाहेब दाणदाण जिना चढत आले. चेहरा लाल, मिशा थरथरत. ते तोंड उघडणार तेवढ्यात सार्थक अनवाणी पुढे आला.

"सर, नवा बोर्ड एकदम मस्त केलात! जुना जरा जास्तच कडक होता. मलाही नंतर वाईट वाटलं."

दादासाहेब थबकले. त्यांनी बोर्डाकडे बघितलं. खिशातून चष्मा काढून लावला, वरून खाली नजर फिरवली, मान हलवली. शालनबाईंच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. आता ह्यांनी हा माझा बोर्ड नाही म्हटलं, की सगळं संपलं.

"मीच लावायला सांगितला," दादासाहेब भारदस्तपणे म्हणाले. "घरचं कार्य हाय. सगळ्यांनी पाळला पायजे. अक्षर न् अक्षर."

"हो सर. आणि शेवटचा नियम तर ग्रेटच." सार्थकनं घड्याळ बघितलं. "अकराला दहा मिनिटं आहेत. खुर्ची आणू का तुमच्यासाठी?"

"खुर्ची?"

"अकरा ते एक, कावळे हाकायला चेअरमननी स्वतः बसलंच पाहिजे, असं लिहिलंय ना तुम्ही. असा चेअरमन मी पाहिला नाही सर."

बी विंगच्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. जावांना आता काही आवरेना, त्या पातेलं घेऊन खाली पळाल्या. दादासाहेबांनी एकदा बोर्डाकडे, एकदा बायकोकडे बघितलं. बायको खाली मान घालून सोऱ्याच्या जाळीतला चीक काडीनं काढत होती.

खुर्ची आली. छत्री आली. कुणीतरी वेळूची काठीही आणून दिली. अकरा ते एक मळा हाइट्सचे चेअरमन कावळे हाकत बसले आणि चौथ्या मजल्यावरच्या पोरांनी त्यांचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली. त्या दिवशी दादासाहेब घरात कुणाशी बोलले नाहीत, आणि शालनबाईंनीही शहाणपणानं विषय काढला नाही.

बुधवारी मात्र ते न सांगता अकराला वर गेले. सकाळपासून आलेल्यांनी नियमाप्रमाणे दहा-दहा उलटून ठेवल्या होत्या, म्हणून कुरडया सगळीकडून सारख्या वाळत होत्या. शालनबाई पाणी घेऊन गेल्या तेव्हा टेरेसवर ती दोघंच होती.

"ह्या बिल्डिंगमधी मला राखणीला बसवायची छाती फक्त एकाच मानसाची हाय," दादासाहेब काठीनं एक कावळा उडवत म्हणाले. "कधी शिकलीस?"

"भजनात," शालनबाई म्हणाल्या.

दादासाहेब हसले नाहीत. तांब्या हातात घेऊन बसून राहिले. "त्यो जुना बोर्ड. वाळवणाचं त्यात लिवलंय, हे मला तुझ्याकडनंच कळलं बघ."

"म्हंजी?"

"टेरेस स्वच्छ ठेवा, आसं काय तरी आसंल म्हनून सही केली. सार्थकला कसं विचारू, काय लिवलंय रं? सहा वर्षं मी कशावर सह्या करतोय, द्येवाला म्हाईत." त्यांचा आवाज खाली आला. "आन् तू समोर हुबी राह्यलीस, तवा मागं फिरायची लाज वाटली. म्हनलं, नियम म्हंजे नियम."

शालनबाईंना वाटलं, आता दोन चांगल्या सुनवाव्यात. चार दिवस त्या शब्द जुळवत होत्या, मराठीत आणि इंग्रजीतसुद्धा. पण हा भरदार माणूस उन्हात छत्रीखाली इतका लहान दिसत होता की त्यांना राग सापडेना. वाईट वाटलं, आणि हसूही आलं.

तेवढ्यात सार्थक कागद घेऊन वर आला. बूट त्यानं आधीच काढले होते. "सर, एक सही. उद्याच लावायचाय."

दादासाहेबांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. कागदाकडे वरून खाली बघितलं. मग तो कागद त्यांनी बायकोपुढे धरला.

शालनबाईंनी बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. सार्थक तोंड उघडं टाकून बघत राहिला. टाकी दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारपासून टेरेस बंद. कुणीही वर येता कामा नये. कुरडयांना अजून एक दिवसाचं ऊन हवं होतं. त्यांनी तसं सांगितलं.

दादासाहेबांनी पेन कागदावर टेकवलं नाही. बायकोकडे बघितलं आणि सेक्रेटरीच्या देखत, हळूच विचारलं, "मंग? करू का सही?"

"शुक्कुरवारपासनं लिवून आणू द्या," शालनबाई म्हणाल्या, "मंग करा."