डब्यातलं लाल बटण

आमच्या 'सालोमी' बोटीची बॅटरी मीच बसवली. वालीवच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनचे पॅनल जोडतो, तेव्हा घरच्या बोटीचं एवढं काय, असा माझा तोरा होता. जुनी ॲसिडची बॅटरी काढताना पप्पा म्हणाले, राहू दे ती जोडीला. मी ती त्याच दिवशी भंगारात दिली. एक लिथियमची पुरेशी होती. पंप, वायरलेस, दिवा, इंजिनचा स्टार्टर, सगळा हिशेब कागदावर होता. इंजिन चाललं की चार्जिंग. चार्ज फारच उतरला, तर बॅटरी जपायला यंत्रणा आपणहून सगळ्यांची वीज तोडणार.

तरी अडीअडचणीला इंजिन मारता यावं म्हणून बॅटरीच्या डब्यात, झाकणाच्या आत, तोडलेली वीज थोडा वेळ परत जोडणारं एक लाल बटण मी ठेवलं होतं. पप्पांना ते सांगितलं नाही. मी त्यांना ओळखून होतो. ते रोज दाबत बसले असते आणि माझी दहा वर्षांची बॅटरी वर्षात मेली असती.

पप्पांची रीत आमच्या पाचूबंदरच्या सगळ्या मच्छीमारांची होती. समुद्रातल्या खुंटांना जाळं लावलं की भरतीचं पाणी फिरेपर्यंत इंजिन बंद. फुकट डिझेल कोण जाळणार? केबिनमधला दिवा मात्र दिवसाही चालू. तो पिवळा पडायला लागला की बॅटरी उतरली, इंजिन मारायचं. तीस वर्षं त्या दिव्याने त्यांना फसवलं नाही. नवी बॅटरी शेवटपर्यंत दिवा तसाच लख्ख ठेवते, हे मला ठाऊक होतं. म्हणून चार्ज दाखवणारा मीटर लावला होता. पप्पांनी त्यावर टोपी अडकवली.

त्या मंगळवारी मला सुट्टी होती; सकाळी नऊला बंदरावरच्या वायरलेस सेटवर पप्पा समुद्रातून माझ्याशी बोलले. तळाची एक फळी सैल होऊन पाणी आत येत होतं, पंप पहाटेपासून थांबला नव्हता, पण ओहोटी लागली की जाळं उचलून निघणार होते. इंजिन चालू आहे का, मी विचारलं.

"नाय रे. दिवा सफेद हाय. कालजी नको."

"दिव्याकडे बघू नका पप्पा, आधी इंजिन मारा."

उत्तर आलं नाही. काय झालं ते मला तिथे बसून दिसत होतं. माझ्या यंत्रणेने सगळं तोडलं होतं. पंप बंद, स्टार्टर बंद, वायरलेस बंद. मोबाईलची रेंज तिथे पोचत नाही. तरी मी सेटवर सांगतच राहिलो, डबा उघडा, आत लाल बटण आहे, ते दाबा. शेवटी सेट सांभाळणाऱ्या बेसिलकाकांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला.

"तिकडं करंटच नाय, तं ऐकंल कोन?"

त्यांनी दुसऱ्या बोटींना हाक दिली. सर्वात जवळची दोन तासांवर होती. मी हात चोळत बसलो. फळीतून तासाला किती पाणी येईल याचा हिशेब डोक्यात आपोआप चालू झाला, आणि तो थांबवता येईना. असल्या हिशेबाचा मला संताप आला.

दुपारी त्या बोटीने पप्पांना आणि आमचा खलाशी पांडू याला आणलं. रिकाम्या डिझेलच्या कॅनना धरून दोघं तरंगत होते. 'सालोमी' गेली. आमचं घर तिच्यावर चालत होतं.

धक्क्यावर कोणीतरी बोललंच, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ते खोटं नव्हतं. पप्पा कांबळं गुंडाळून बसले होते, ओठ निळे पडलेले. तरी त्यांनी मान वर केली.

"माझ्या पोराला बोलायचं नाय. दिवा पिवलाच नाय जाला, तं तो काय करंल? आनी आमी काय कमी केलं? दोन तास त्याच्याच बॅटरीच्या डब्यावर उभा रावून पानी उपसलं. दुसरं करन्यासारखं कायच नव्हतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "होतं काय रे?"

"नव्हतं," मी म्हणालो.