पाटी खाली ठेवल्यावर

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात नव्या माणसाला आत शिरायचं तर आधी काशिनाथ सरवट्यांच्या स्टुलावर बसावं लागे. फाटकाशेजारच्या खोलीत एक स्टूल, मागे ताणून बांधलेली पांढरी चादर, चादरीला लागूनच दार आणि बसणाऱ्याच्या छातीशी धरलेली काळी पाटी. पाटीवर खडूनं टोकन नंबर. "हनुवटी खाली, नाकासमोर बघा, हसायचं नाही," एवढं म्हणून सरवटे खटका दाबत. माणूस साताऱ्याचा असो, सागरचा असो की पार केरळचा, त्या खटक्यासरशी सगळे एकाच घरातले रागावलेले थोरले भाऊ दिसायला लागत.

बाकीचं काम म्हणजे नवं यंत्र तयार झालं की यंत्राचा फोटो, दिल्लीचे साहेब आले की साहेबांचा, आणि निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून ओशाळं हसणाऱ्या माणसाचा. यंत्रं फोटोत फार छान येतात, असं सरवटे म्हणत. ती श्वास रोखत नाहीत ना.

आणि हा श्वास हाच त्यांचा नाद होता. पहिला खटका झाला की माणूस छातीत कोंडलेली हवा सोडी, पाटी खाली ठेवी, आणि उठता उठता क्षणभर स्वतःसारखा दिसे. कुणाला घर आठवे, कुणाला जेवण, कुणाला नुसतंच सुटल्याचं सुख. तेवढ्यात सरवटे दुसरा खटका दाबत. ना विचारणं, ना सांगणं. नंबरवाल्या निगेटिव्ह ऑफिसात जमा करायच्या असत, म्हणून हे दुसरे फोटो ते फिल्मच्या पट्टीतून कात्रीनं कापून घरी आणत आणि छापत. वीस वर्षांत अशी चारशेच्या वर माणसं कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत येऊन राहिली होती.

"घरात माणसं दोन आणि पलंगाखाली चारशे," निर्मलाबाई म्हणत. त्या ग्वाल्हेरच्या, बोलण्यात तिखट आणि हाताला गोड. "एक दिवस सगळी जेवायला बसली म्हणजे?"

सरवटे हसून सोडून देत. संध्याकाळी भोंगा वाजला की ते क्वार्टरच्या फाटकाशी उभे राहत. सायकलींचा लोंढा समोरून वाहत जाई, एकसारख्या घरांच्या एकसारख्या दारांत विरघळून जाई, आणि त्यांना वाटे की पेटीतलीच माणसं घरी चालली आहेत. स्वप्नाळूपणा म्हणा हवं तर. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घरातलं माणूस गेलं की लोक ओळखपत्राचा फोटो घेऊन येत आणि म्हणत, हा मोठा करून द्या. मग तोच रागावलेला चेहरा हार घालून भिंतीवर चढे आणि पुढची पन्नास वर्षं सगळ्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत राही.

माघातल्या एका शनिवारी शशिकलाबाई शिर्के दाराशी आल्या. सोबत मुलगी, प्रतिभा. नवरा गोविंद कारखान्यात कॉइल वाइंडिंगला, तारा गुंडाळायच्या खात्यात, होता. नोकरीला लागून वर्ष व्हायच्या आत काविळीनं गेला. तेव्हा क्वार्टर सुटलं. बाईंनी अशोका गार्डनमध्ये खोली घेतली, बालवाडीत शिकवलं, शिवणकाम केलं आणि पोरीला बी.ए. केलं. आता तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर काढली. ओळखपत्राचाच फोटो, मोठा केलेला. छातीशी पाटी, दोन दोन एक सात.

"भाऊ, हा फोटो मांडवात पाटावर ठेवायचा होता. नवरीनं नमस्कार करून मग बोहल्यावर चढायचं. पण ही ऐकत नाही."

"काका, मला या फोटोची भीती वाटते," प्रतिभा म्हणाली. मुलगी सरळ बोलणारी होती. "लहानपणी वाटायचं, मी काहीतरी गलती केली आहे. या बाजूला बसा, त्या बाजूला बसा, ते माझ्याकडे बघतच नाहीत. लग्नाच्या दिवशी मी यांना नमस्कार नाही करणार."

आईचा चेहरा उतरला. पण ती वाद घालायला आली नव्हती.

"हा फोटो काढला त्या दिवशी मी तुमच्या खोलीच्या दाराशी होते," ती म्हणाली. "हे डबा विसरले होते, म्हणून ही कडेवर, हातात डबा, अशी धावत आले होते. तुमचा खटका दोनदा वाजला होता. मला नक्की आठवतं. दुसरा फोटो आहे का तुमच्याकडे?"

वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखे सरवटे लाल झाले. मग त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोघींना पोह्यांसाठी थांबवून घेतलं आणि निर्मलाबाईंच्या देखत पेटी बाहेर ओढली. "मिळणार! उद्या सकाळी या. मी आजच काढून ठेवतो."

काढून ठेवतो म्हणाले खरं, पण पेटी उघडून बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून ठेवलं आहे. दुसऱ्या फोटोत पाटी नव्हती. पाटी नाही म्हणजे नंबर नाही, नंबर नाही म्हणजे नाव नाही. पट्टीतून कापताना त्यांना त्याचाच अभिमान वाटला होता, की ही माझी माणसं, यांच्यावर कसला आकडा नाही. आता शिर्क्यांची तसबीर समोर ठेवून ते एकेक चेहरा ताडून बघू लागले. जाड मिशी, रुंद कपाळ, जोडलेल्या भुवया. अशा मिशा पेटीत साठ निघाल्या. आणि हसलेल्या माणसाच्या भुवया जोडलेल्या राहतात थोड्याच!

रविवारी मायलेकी आल्या. पलंगावर, सतरंजीवर, शिवणाच्या मशीनवर सरवट्यांनी फोटो मांडले होते. शशिकलाबाई एकेकाशी वाकून बघत गेल्या. हे नव्हेत. हे नव्हेत. हे तर पाटणकर, आमच्या शेजारचे. एका फोटोशी त्या बराच वेळ थांबल्या.

"हे... हे असतील," त्या म्हणाल्या.

"आई, असतील म्हणजे?" प्रतिभानं विचारलं.

शशिकलाबाईंनी फोटो उजेडाकडे धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. मग तो खाली ठेवला आणि सतरंजीवर बसून त्या एकदम रडायला लागल्या. "मला सांगता येत नाही गं. रोज सकाळी त्याच तसबिरीला हार घालते मी. हसताना कसे दिसायचे, तेच आठवेना. माझ्या नवऱ्याचा चेहरा मीच विसरले."

प्रतिभा घाबरली. भिंतीवरच्या फोटोशी तिचं भांडण होतं, आईशी नव्हतं. ती आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे आई. मी त्याच फोटोला नमस्कार करते. खरंच करते." यावर बाई जास्तच रडल्या.

दोघी गेल्यावर सरवटे जेवले नाहीत. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. फोटोंच्या मधे थोडी जागा करून ते आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात भोंगा वाजला. पेटीतली माणसं पिपलानीच्या रस्त्यावरून चालत येत होती, हात मोकळे, कुणाकडे पाटी नाही. सरवटे फाटकाशी उभे राहून एकेकाला नाव विचारत होते. माणसं हसत होती, मान डोलवत होती आणि नाव न सांगता पुढे जात होती. कुणाच्या सदऱ्याला पेरूचा वास होता, कुणाच्या केसांत कापूस. मग त्या संथ गर्दीतून एक जण पळत आला. सगळे चालत असताना हा एकटा पळत होता, आणि इतक्या झपाट्यानं समोरून गेला की सरवट्यांना त्याचा चेहराच दिसला नाही. "अहो, थांबा, हललात तुम्ही!" ते ओरडले आणि स्वतःच्याच आवाजानं जागे झाले.

हलले. हललेले!

पेटीच्या तळाशी, पत्र्याला चिकटलेलं एक खाकी पाकीट होतं. त्यावर तरुणपणीच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: वाया. ज्यांचे चेहरे फिसकटले होते त्यांच्या निगेटिव्ह. सरवट्यांना तेव्हा आपल्या नजरेचा भारी गर्व. पापणीचे केस मोजता आले नाहीत तर फोटो कसला, म्हणून यातला एकही त्यांनी कधी छापला नव्हता. टाकून देणं मात्र जमलं नव्हतं.

"काखेत कळसा!" निर्मलाबाई म्हणाल्या, आणि मग जरा मऊ आवाजात, "आता पटकन बघा तरी."

त्यांनी अकरा निगेटिव्ह खिडकीशी धरल्या. दहांमध्ये काही कळत नव्हतं. अकरावीत खोलीच्या दाराची चौकट दिसत होती, बाई डबा घेऊन उभ्या होत्या तीच. ती पाकिटात परत ठेवून सरवट्यांनी सायकल काढली आणि थेट अशोका गार्डन गाठलं.

तिन्हीसांजेला चौघं जण सरवट्यांच्या क्वार्टरच्या न्हाणीघरात उभी होती. खिडकीला घोंगडी लावलेली, लाल दिवा, मोरीवर फळी टाकून तिच्यावर मांडलेली ताटं. सरवट्यांनी निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला, मनात आकडे मोजले आणि कोरा कागद औषधाच्या पाण्यात सोडला. ताट हळूहळू हलवत ते म्हणाले, "बघत राहा."

पांढऱ्या कागदावर आधी एक करडी सावली आली. मग दाराची चौकट. मग स्टुलावरून अर्धवट उठलेला एक माणूस, मांडीवरून घसरून पडणारी पाटी म्हणजे नुसता एक फराटा, आणि दाराकडे लांब केलेला हात.

"हात त्यांचा आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. चेहरा अजून यायचा होता. "असाच करायचे. सगळा हात पुढे, बोटं पसरून."

चेहरा वर आला. फिसकटलेला होता, डोळे कुठले आणि मिशी कुठली ते नीट कळत नव्हतं, पण त्या फिसकटण्यातून हसू इतकं ओसंडत होतं की निर्मलाबाईसुद्धा हसल्या. शशिकलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "हेच. हेच हे. असेच हसायचे, सगळ्या अंगानं. अगं बाई, मी विसरले नव्हते!"

प्रतिभा ताटावर वाकली होती. कागदाच्या अगदी कडेला, चौकटीपाशी, आणखी काहीतरी उमटत होतं. डब्याची कडी. पातळाचा काठ. आणि त्याच्या वर, कडेवरून लोंबणारा एक इवलासा पाय, पायात वाळा.

"हिनं हाक मारली होती," शशिकलाबाई हळूच म्हणाल्या. "दारातून. बाबा म्हणून. नुकतीच म्हणायला लागली होती."

प्रतिभानं ताटाच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि त्या पाण्यातल्या माणसाकडे बघत राहिली. तो तिच्याकडेच येत होता. शेवटी सरवट्यांनाच भानावर येऊन कागद दुसऱ्या ताटात घालावा लागला, नाहीतर तो काळा पडला असता.

लग्न फाल्गुनात झालं, अशोका गार्डनच्या शाळेच्या पटांगणात. पाटावर रांगोळी होती आणि मधोमध नव्या चौकटीतला तो फोटो, हार न घातलेला. प्रतिभानंच हार घालू दिला नव्हता, हात झाकला जातो म्हणून. सरवटे कॅमेरा घेऊन समोर गुडघ्यावर बसले होते. नवरीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा पहिला खटका झाला.

मागे नवऱ्या मुलाची आत्या उभी होती, इंदूरहून आलेली, सगळीकडे बारीक नजर. तिनं फोटोकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हा फोटो हललाय का हो? चांगला नव्हता का एखादा, सरळ बसलेला?"

"हललाय ना," प्रतिभा उठता उठता म्हणाली. "मी हाक मारली होती."

सरवट्यांनी दुसरा खटका दाबला.