शिक्का माझा, हात कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, पण खिळे ठोकणारा नव्हे. माझ्या डोक्याच्या एका बाजूला पाते आहे आणि दुसऱ्या बाजूला उठावाच्या अक्षरांचा शिक्का. पात्याने झाडाच्या बुडाशी साल थोडी तासायची आणि उघड्या लाकडावर शिक्का उमटवायचा. ज्याच्यावर माझा शिक्का, तेवढेच झाड तोडायचे. बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही. जंगलाचा कायदा माझ्या तोंडून बोलतो. आज मी रागात आहे, तेव्हा शब्द थोडे लागट आले तर सोसून घ्या.

लोहाराने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवून चरचरवले. मग ओल्या मातीवर शिक्का उमटवून बघत तो म्हणाला, की याच्या डोक्यात आता काही शिरायचे नाही, पण याचे म्हणणे मात्र सगळ्यांना ऐकावे लागेल. मी तेव्हा भारी फुशारलो होतो.

मी एका वनरक्षक बाईंच्या हाती आलो. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई झाडाभोवती फिरून बघत, मान वर करून घरटे आहे का ते पाहत, शेजारच्या झाडाला ऊन मिळेल का याचा अंदाज घेत आणि मगच मला उचलत. दाटीत खुरटलेली, कीड लागलेली झाडे त्या तोडीला देत. उतारावरच्या जुन्या, कवेत न मावणाऱ्या झाडांना मात्र माझा स्पर्शही नसे. नियमच तसा होता. झाड हवेतला कार्बन ओढून घेते आणि त्याचे लाकूड करून अंगात साठवते. जितके झाड थोराड, तितका साठा मोठा. झाड पाडले की त्यातला बराचसा साठा आज ना उद्या हवेत परत जातो आणि हवा तापते. म्हणून जंगलात जेवढी वाढ होईल, तोड त्याहून कमीच ठेवायची. सुतारांना लाकूड मिळत होते, जंगलही भरत होते. कुणाचे काही अडले नव्हते.

ताईंचे थोरले भाऊ लाकडाचे ठेकेदार होते. लहानपणी त्यांनीच बहिणीला खांद्यावर बसवून हे जंगल दाखवले होते. दोघांची कामे एकमेकांना चिकटलेली, तरी इतकी वर्षे कुरबुर नव्हती.

मग नवे साहेब आले. वरून जास्त लाकडाची मागणी आहे, उतारावरची मोठी झाडे काढा, असे त्यांनी ताईंना सांगितले. ताईंनी साफ नकार दिला. साहेब नुसते हसले. त्याच आठवड्यात ताईंची आई आजारी पडली. दादा बहिणीला म्हणाले, की तू आईपाशी थांब, इथली काळजी करू नकोस. केवढा जिव्हाळा! ताईंची पाठ वळताच साहेबांनी कचेरीतले माझे कपाट उघडले आणि मला दादांच्या हाती दिले.

मित्रांनो, हातोड्याला नाही म्हणता येत नाही. ज्या झाडांना ताई ओलांडून जात, त्यांच्याच अंगावर मला दिवसभर आपटले गेले. कुणी वर पाहिले नाही, कुणी घरटे शोधले नाही. मग करवती लागल्या. पहिले झाड पडले तेव्हा जिथे कधी ऊन पोचले नव्हते, त्या ओल्या जमिनीवर ऊन धाडकन कोसळले. हे सगळे माझ्या नावावर चालले होते, यासारखा दुसरा अपमान नाही.

करवतीचा आवाज आईच्या घरापर्यंत गेला आणि ताई धावत आल्या. उतारावर त्यांना दादा दिसले आणि दादांच्या हातात मी.

"दादा, हातोडा दे."

"साहेबांनी दिलाय. शिक्का आहे ना झाडावर? मग सगळं कायद्यात बसतंय."

"शिक्का मारला म्हणून झाड तोडायचं नसतं. तोडण्यासारखं आहे म्हणून शिक्का मारायचा असतो."

"म्हातारी झाडं गं ती. आज ना उद्या पडणारच. एकाच्या जागी दहा रोपं लावतो, मग तर झालं?"

"आपली आईपण म्हातारीच आहे, दादा."

दादांची मान खाली गेली. ताईंनी मला काढून घेतले तेव्हा त्यांनी मूठ आवळली नाही. ताईंनी माझे पाते फिरवले आणि उभ्या असलेल्या एकेका झाडावरचा शिक्का तासून टाकला. बिनशिक्क्याचे झाड तोडणे म्हणजे चोरी, हे मजुरांना ठाऊक होते. त्यांनी करवती बंद केल्या.

पुढे चौकशी झाली. मला पुरावा म्हणून पेटीत कोंडले. दादांनी खरे सांगितले, म्हणून उतार वाचला आणि तिथली तोड कायमची बंद झाली. पण न्याय कसा, तो ऐका. साहेब मोठ्या कचेरीत बढतीवर गेले. ताईंवर सरकारी शिक्का खरवडल्याचा ठपका आला आणि त्यांना जंगलातून उचलून कोठारात सामान मोजायला बसवले. खोटा शिक्का मारायला लावणारा वर गेला, तो पुसणारी खाली! आणि दहा रोपे? भरलेले धान्याचे कोठार पेटवायचे, मूठभर बी पेरायचे आणि हिशेब मिटला म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

आता मी एका नव्या वनरक्षकाच्या कमरेला असतो. दुसऱ्या जंगलांत दुसरे हातोडे आहेत, आणि साहेब तर सगळीकडेच असतात. म्हणून माझे एक मागणे आहे. शिक्का दिसला की मान डोलावून पुढे जाऊ नका. कुणी मारला, कुणासमोर मारला, का मारला, ते विचारा. चढ्या आवाजात विचारा. वाचलेल्या झाडांच्या जखमांवर आता नवी साल धरू लागली आहे. पडलेल्यांचे बुडखे मात्र तसेच आहेत, आणि त्यांच्यावर माझी अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात.