ओळीच्या शेवटी वाजणारी

मुले सात, दप्तरे पाच, चपलांचा जोड एकही नाही. आणि ओळीच्या शेवटी मी, शिवणीच्या लाकडातून कोरलेली एक जुनी घंटा. मित्रांनो, १९८४ च्या एप्रिलात गडचिरोलीच्या जंगलातून सकाळच्या शाळेला जाणारी आमची ओळ एवढीच होती.

इतवारी आजाने मला गाईच्या गळ्यासाठी कोरले. गाय गेली आणि मी आढ्याला धूळ खात लटकले. पुढे शाळेच्या वाटेवर वाघ दिसू लागला, तेव्हा आजाने मला मुलांना दिले. शेवटच्या मुलाने मला गळ्यात घालायचे. पुढच्यांनी मागे पाहायचे नाही, खुंटांची ठेच लागते, फक्त ऐकायचे. माझी ठकठक थांबली, की सगळ्यांनी थांबायचे. गावात माझे कौतुक झाले, पण मला भीती वाटे. मला फक्त वाजता येते. कोणाच्या गळ्यात वाजते, ते सांगता येत नाही.

त्या सकाळी शेवटी आजाची नात सोमारी होती. तिच्या मागे तिचे बकरीचे पिल्लू. वाटेत मोहफुलांचा ताजा सडा पडला होता. तिने मला काढून पिल्लाच्या गळ्यात बांधले.

"जा, आज तूच शाळा शिक. मी आलीच."

ती फुले वेचायला वाकली. पिल्लू मुलांमागे धावले. इतक्यात मागे वानरे घाबरून ओरडू लागली.

"सोमारी, तुहे भाऊ बलावून राह्यले तुले!" पुढून पोचू हसला.

मला गप्प व्हायचे होते. पिल्लू थांबेना, मी वाजत राहिले.

नाल्यावर पहिला चालणारा वारलू वळला.

"अबे, हे पिल्लू काऊन आलं? सोमारी कुठी हाय?"

"मले काय मालूम? घंटी तं वाजून राह्यली होती!" पोचूचा चेहरा उतरला.

वारलूने मला हिसकून घेतले आणि हलवत तो मागे धावला. बाकीची मुले ओरडत त्याच्या मागे. मोहाखाली सोमारी अजून वाकलेलीच होती. वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते, असे आजा सांगत असे.

"सोमारी, उभी राह्य! वाकू नोको!" वारलू ओरडला.

ती ताठ झाली. तिच्या पाठीमागची झुडपे हलली. मग त्यांच्या पलीकडची हलली, मग आणखी दूरची. तिच्या ओंजळीतून फुले गळत होती.

मित्रांनो, मला जपून वापरा, माझी दोरी घट्ट बांधा. पण नुसत्या माझ्या आवाजावर विसंबू नका. मागच्याला नावाने हाक मारा आणि तो ओ देईल तेव्हाच पुढे चला.

दुपारी आजाने वाघाच्या पंजाच्या ठशापासून सोमारीच्या फुलांच्या ढिगापर्यंत जमीन मोजली. नऊ हात भरली.