आवाज काकीचाच

डिंगोरे गावच्या वैजयंतीकाकीला बोलायची भारी हौस, आणि घरात बोलायला माणूस नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एकुलता एक सूरज नोकरीला बंगळूरला. मग ती करणार काय? फोनपुढं बसून पॉडकास्ट करायला लागली. टोमॅटोवरचा करपा, मासवडी का फुटते, सासवांच्या कागाळ्या, सगळं त्यात. दर रविवारी चार हजार माणसं ऐकायची. ऐकणारे एवढे, आणि दारात चहाला कुणी नाही!

पावसाळ्यात तिचा घसा बसला तो बसलाच. तेव्हा जुन्नरचा फैजान मदतीला धावला. पॉडकास्टवाल्यांना त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून द्यायची, हा त्याचा धंदा. काकीनं लिहून द्यायचं, यंत्र तिच्या आवाजात बोलायचं. पण पोरगा नियमाला लई कडक. ज्याचा आवाज त्याच्याच तोंडून परवानगी घ्यायचा, आणि प्रत्येक भागाआधी सूचना आपोआप लागायची: "हा आवाज काकींच्या परवानगीने यंत्राने तयार केला आहे." काकीला स्वतः बोलायचं असलं, तर भाग आधी फैजाननं ऐकायचा, मगच तो ती सूचना काढणार.

सूरजला तर बरंच झालं. मुळात त्याचा फोन महिन्या-दीड महिन्यानं. काकीनं तक्रार केली की म्हणायचा, "अगं, दर रविवारी तुझा आवाज ऐकतोच की." ती म्हणाली, "अरे, ते यंत्र हाये." तर म्हणे, "असू दे ना, आवाज तर तुझाच." आता या शहाण्याला काय म्हणावं!

दिवाळीच्या तोंडावर त्याचा निरोप आला, यंदाही जमणार नाही. काकीचा घसा तोवर मोकळा झाला होता. ती फोनपुढं बसली आणि स्वतःच बोलली.

"सूरज, तू फोन उचलत न्हाईस म्हणून इथं सांगते. घर खायला उठतं रे. दोघांचा भात टाकायची सवय अजून जात न्हाई. दोन दिवस ये. काय आणू नको, नुसता ये." पुढं हुंदका आला. तो तिनं तसाच ठेवला.

आता हे फैजानला आधी ऐकवायचं म्हणजे लाज. लेकाच्या वयाचा पोरगा, त्याच्यापुढं काय रडायचं? चार हजार परक्यांपुढं चालतं, एका ओळखीच्यापुढं नाही, असं आपल्या काकीचं गणित. तिनं रविवारी भाग परस्पर चढवून टाकला. सूचना अर्थातच लागली.

सोमवारी सकाळी भागाखाली लोकांनी कौतुक लिहिलेलं: "काय टेक्नॉलॉजी आहे राव, यंत्र रडतंय पण!"

दहाच्या सुमारास फैजानची मोटरसायकल दारात. "काकी, हे तुमी स्वतः बोललात. माझ्या यंत्राला असं रडता येत न्हाई." तो ओट्यावर डोकं धरून बसला. "माझी सूचना खोटी पडली. आत्ता काढतो, सगळ्यांना खरं सांगतो."

तेवढ्यात सूरजचा मेसेज आला. काकीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून फैजाननंच वाचला. "आई, कालचा भाग भारी. पण ऑफिसातले हसले, रडणं फार झालंय. फैजानला सांग, थोडं कमी कर."

फैजान भडकलाच. "मी लावतो त्याला फोन!"

काकीनं त्याचा हात धरला. डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज ठाम होता. "नको. खरं कळलं तर लाजंनं यील तो. लाजंनं आलेला मला न्हाई पायजे. तुझी सूचना तेवढी काढ, तुझा धंदा खोटा नको पडाया. पण त्याला तू काय बोलू नको."

मग पदरानं डोळे पुसले, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर शोधत सूरजला उत्तर लिहिलं.

"सांगते, बाळा."