मान हलवायची नाही

क्षयाच्या सुयांनी वेणूचा खोकला गेला, अंगावर मांस चढलं. पण सुया संपत आल्या तशी पायाखालची जमीन डोलू लागली. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन डहाणूहून आशागडला पायी जाणारी ती बाई एका सकाळी भर बाजारात कोलमडली. बोंबील धुळीत पसरले. कुणीतरी म्हणालं, "ताडी प्यायलीय."

तेव्हापासून ती घरात. मान वळवली की भिंती मागोमाग सरकत. एकदा विहिरीवर तोल गेला आणि सासूने, जमनाने, धसकाच घेतला. मासळी वाळत घालायला किनाऱ्यावर जाताना ती बाहेरून कडी लावू लागली. "पडून राहा. मान हलवू नको," एवढंच सांगे. वेणू छपराच्या एका वाशावर नजर रोवून पडून राही.

नवरा मोतीराम समुद्रावरून परतला तसा तिला बैलगाडीत घालून गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तिला डोळे मिटून उभं केलं आणि पडता पडता सावरलं.

"कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. सुयांनी तो दुखावलाय. तो पूर्वीसारखा होईल, असं मी सांगणार नाही. त्याचं काम आता डोळ्यांना आणि पायांना शिकवायचं. तू काम काय करतेस?"

टोपलीचं ऐकून बाईंनी तिच्यापुरते व्यायाम ठरवले. अंगठ्यावर नजर ठेवून मान दोन्हीकडे फिरवायची. मग भिंतीला धरून चालायचं. ते जमलं की डोक्यावर रिकामी टोपली, आणि शेवटी रेतीत. "चक्कर येईल. आली तरी सोडू नकोस."

गाडीत मोतीराम फणफणला, "चक्कर जावी म्हणून आलो, तर ही बाई आणायला सांगते!"

तरी वेणू कडीआड मान फिरवू लागली. ती ओके, भिंतीला टेके, पुन्हा अंगठा धरी. एकदा जमना अवचित परतली. मोकळे केस, डोलणारी मान बघून ती किंचाळली, "अगो बाई, घुमतेय ही!" शेजारणींनी घरी येणं सोडलं. मोतीरामनेही व्यायाम बंद करायला सांगितलं. पडून राहावं तर जन्म त्या वाशाखाली जाणार; हलावं तर अंगात भूत आहे म्हणणार.

पुढे वादळी वारं सुटलं म्हणून होड्या किनाऱ्याला लागल्या. मोतीराम दुपारी ओटीवर जाळं सांधत बसला होता. वेणू भिंत धरून त्याच्याजवळ आली.

"पहिल्यांदा होडीवर गेलात, तेव्हा काय झालं होतं?"

"काय होणार? आतडी बाहेर येईस्तोवर ओकलो."

"मग घरी बसलात?"

"बाप बसू देतो होय? दुसऱ्या दिवशी परत नेलं."

"मग मला का डांबून ठेवता?"

"पडेल ती," जमना आतून म्हणाली.

"पडली तर मी आहे ना," म्हणत त्याने जाळं खाली ठेवलं.

किनाऱ्यावर वेणू पाय फाकवून, त्याचा दंड आवळून चालली. वाळवणाच्या काठ्यांपाशी तिला ओकारी झाली. बाया कामं टाकून बघत राहिल्या.

"बघता काय? नवा खलाशी ओकणारच!" मोतीराम ओरडला.

त्यानंतर तो घरी असला की रोज तिला नेई, आणि नसला की जमना कुरकुरत का होईना, हात धरी. टोपली डोक्यावर घेऊन आशागडला जाणं वेणूला पुन्हा कधी जमलं नाही. ती डहाणूच्या बाजारात बसून मासळी विकू लागली, मान वळवून गिऱ्हाइकांशी भांडू लागली. मात्र अंधारात डोळ्यांचा आधार सुटला की पाय एकटे पडत. कुणाचं लग्न असो की सण, दिवेलागणीआधी ती घरी असे. वरातीचे ताशे भिंतीला पाठ लावून ऐके.